कासाराचा कॅमेरा

फोटोग्राफर कसा झालास, असं कुणी विचारलं की मी खरं तेच सांगतो: बांगड्या भरता भरता. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा थट्टा करतोय. पण आमच्या घरात धंदा बांगड्यांचाच होता. रिसोडच्या बाजारात वडिलांचं पाल लागायचं आणि बाजार नसेल त्या दिवशी आम्ही बाप-लेक खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून आजूबाजूची खेडी धरायचो.

बाईचा हात हातात घेतला की कासाराचं पहिलं काम असतं तो ढिला करणं. अंगठ्याच्या बुडाशी जे हाड असतं ते आत वळलं पाहिजे, तरच लहान मापाची बांगडी सरकते. बाई भ्यालेली असली की हात लाकूड होतो. मग कासार बोलत राहतो. म्हैस व्याली का, भावाचं पत्र आलं का, यंदा कपाशी कशी काय. बोलता बोलता ती हसते, हात सैल पडतो आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटावर गेलेली असते. या बोलण्यात मी वडिलांच्याही पुढे होतो. बाकी सगळ्यात कच्चा. माझ्या हातून बांगड्या फार वाढायच्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि माझ्या बाबतीत वडील दिवसातून दहादा तो शब्द उच्चारायचे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं.

मालासाठी मला अकोल्याला जावं लागे. जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. ठोक बांगडीवाल्याच्या दुकानाशेजारी एक फोटोचं दुकान होतं. माल बांधून होईपर्यंत मी त्याच्या दारात उभा राहायचो. मालक म्हातारा होता आणि भयंकर तापट. एकदा त्याच्यापुढं एक नवं जोडपं बसलं होतं. म्हातारा कापडाखालून ओरडत होता, "हलू नका! हसा!" ती पोरगी बिचारी भिंतीला टेकवलेल्या मुसळासारखी बसली होती. मला राहवलं नाही. मी दारातूनच म्हणालो, "बाई, डाव्या हातातल्या बांगड्या कोण्या गावी भरल्या? एक बांगडी मोठ्या मापाची घातली त्या कासारानं. फसवलं तुमाले."

तिनं हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि फस्सकन हसली. म्हाताऱ्यानं तेवढ्यात खटका दाबला.

जोडपं गेल्यावर तो मला म्हणाला, "अबे, तू इकडं आला की माह्याकडंच बसत जा. तुले फोटो शिकवतो. मले बोलनं शिकव."

बोलणं काही तो शिकला नाही, मरेपर्यंत गिऱ्हाइकांवर ओरडतच राहिला. मी मात्र दोन वर्षं, दर खेपेला तास-दोन तास, त्याच्या दुकानात घालवून बरंच काही शिकलो. उजेड कुठून घ्यायचा, रोल कसा भरायचा, अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात तो किती वेळ खालीवर करायचा. शेवटी त्यानं आपला जुना भात्याचा कॅमेरा मला देऊन टाकला. घडी मिटली की चपट्या पेटीएवढा व्हायचा, उघडला की समोर चामड्याचा भाता बाहेर यायचा. एका रोलमध्ये आठ फोटो. आठ म्हणजे आठच, नववा चुकायलासुद्धा जागा नाही.

कॅमेरा घेऊन मी घरी आलो आणि खरी कटकट तिथून सुरू झाली.

आमच्या भागात तेव्हा फोटो म्हणजे मेलेल्या माणसाचा. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याला खुर्चीवर बसवायचं, पाठीला फळी बांधायची, गळ्यात हार घालायचा आणि माणूस धाडून कुठून तरी फोटोवाल्याला आणायचं. त्याच्या जिवंतपणी कुणाला त्याचा चेहरा टिपून ठेवावा असं वाटलेलं नसायचं. मी काढलेले पहिले तीनही फोटो असलेच. मेलेल्या माणसाचा फोटोवाल्याला एकच फायदा, तो हलत नाही. पण तिसऱ्या फोटोनंतर एका गावात मी बांगड्यांची माळ उतरवली आणि समोरच्या बाईनं हात मागं घेतला. म्हणाली, "तुमचे वडील येतीन तवा भरीन." पुढच्या गावीही तेच. मढ्याचा फोटो काढणाऱ्या हातानं सवाष्णीला बांगडी कशी भरायची? तिचंही चुकत नव्हतं.

वडिलांनी एक दिवस दोन्ही वस्तू माझ्यापुढं ठेवल्या, बांगड्यांची माळ आणि कॅमेरा. म्हणाले, "या दोनापैकी एक उचल. दोन्ही एका खांद्यावर राहात नाई." मी उचलला कॅमेरा, पण त्यांना म्हणालो, एक लग्न मिळू द्या. लग्नाचा एक फोटो नीट निघाला तर लोकांच्या डोक्यातून मढं जाईल. नाही निघाला तर कॅमेरा अकोल्याला परत करतो आणि जन्मभर बांगड्या भरतो. वडील हो म्हणाले, कारण त्यांना खात्री होती की लग्नाला मला कोणी बोलावणार नाही. खरं म्हणजे मलाही तीच खात्री होती.

बोलावलं एका विधवा बाईनं.

रिसोडपासून तीन कोसावरचं गाव. एकोणीसशे पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. त्या बाईच्या हातात माझ्या वडिलांनी तिच्या लग्नापासून बांगड्या भरल्या होत्या. मग एका वर्षी तिचा नवरा गेला, हात मोकळे झाले, आणि आमचं तिच्याशी काम संपलं. पण तिला एकच मुलगी होती, तिच्यासाठी आम्ही त्या दारात थांबायचो. मुलीच्या इवल्याशा मनगटापासून लग्नाच्या वयापर्यंतची सगळी मापं मला पाठ होती. बांगड्या भरताना आई जवळ येत नसे. दाराच्या चौकटीआड बसून तिथूनच रंग सांगायची. हिरव्यातला कुठला हिरवा, ते तिला लांबून कळायचं.

त्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं, जऊळक्याकडचं स्थळ. वडिलांना ताप होता म्हणून लग्नाचा चुडा भरायला मी गेलो. हा हात मागं गेला नाही, मी तिला लहानपणापासून ओळखत होतो. चुडा भरून झाला, मुलीनं रिवाजाप्रमाणे कासाराला नमस्कार केला आणि आत गेली. मी माळा आवरायला लागलो तेव्हा चौकटीआडून तिची आई बोलली.

"भाऊ, तुह्याजवळ ते फोटोचं यंत्र हाय म्हंते."

"हाय, मावशी."

"मी काई मांडवात येत नाई. तुले माहीत हाय."

मला माहीत होतं. त्या काळी विधवा आईला पोटच्या पोरीच्या लग्नात समोर उभं राहता येत नसे. कन्यादान चुलता-चुलती करायचे. आईनं आतल्या खोलीत बसायचं, भांडी मोजून द्यायची, पोळ्या लाटायच्या आणि बाहेर वाजंत्री वाजली की समजायचं, झालं.

"अंतरपाट दूर होते ना," ती म्हणाली, "अन् पोट्टी मान वर करून पाह्यते, हार घालते. तेवढं मले पाहाचं हाय. दुसरं काई नको. तेवढं मले धरून आणून दे."

"आणतो," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो, जसं काही मी रोज दोन-चार आणत होतो.

घरी परतताना त्या शब्दाचं वजन कळायला लागलं. मला लग्न हवं होतं ते माझ्या धंद्यासाठी. आता त्यात हे आलं. ही बाई जन्मात काही मागणारी नव्हती, आणि जे मागितलं ते अर्ध्या पळाचं, पुन्हा न येणारं.

लग्नाच्या दिवशी सकाळीच पोचलो. घरात कर्ता माणूस म्हणजे मुलीचा चुलता. आडमाप शरीर, डोक्याला फेटा, आवाज असा की बैल दचकावेत. त्यानं माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि म्हणाला, "आमच्या घरी कोणी मेलं नाई."

"लग्नाचा काढाचा हाय," मी म्हणालो. "मावशीनं सांगतलं."

वहिनीचं नाव निघताच तो नरमला. तिच्यापुढं त्याचं काही चालत नसावं, किंवा तिच्याबद्दल त्याला मनातून वाईट वाटत असावं. "मधामधात येजो नको," एवढं बोलून तो वऱ्हाडाला सामोरा गेला.

मी तयारी मात्र चोख केली होती. मांडव पळसाच्या पानांचा, उजेड बेताचा. म्हणून मी बोहल्याच्या पूर्वेची जागा धरली. माणसांच्या डोक्यावरून दिसावं म्हणून एक बाज मागून घेतली आणि तिच्यावर उभा राहिलो. नवरदेवाला बाशिंग थोडं वर बांधायला सांगितलं, कारण बाशिंग खाली आलं की फोटोत नुसता कागद नि बेगड येते, माणूस येत नाही. तीन फोटो झाले होते, पाच शिल्लक. खटका चढवून ठेवला. हातांना घाम येत होता, तो दर दोन मिनिटांनी धोतराला पुसत होतो.

मुहूर्त अकराच्या सुमाराचा. नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिली, मध्ये अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी एक म्हातारी परडी घेऊन सगळ्यांना अक्षता वाटत फिरत होती, हळद-कुंकवात माखलेली ज्वारी. ती माझ्या बाजेपाशी आली, हात वर केला आणि माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या. मग दुसऱ्या मुठीतही कोंबल्या. अक्षता नको कोण म्हणतं? आणि उंचावर उभ्या असलेल्याला दुप्पट द्याव्या असं तिला वाटलं असेल. मी घेतल्या. कॅमेरा गळ्यात होताच. मनात म्हटलं, शेवटच्या अष्टकाआधी खाली टाकून देऊ.

पहिलं मंगलाष्टक झालं. सावधान. चार दाणे टाकले. दुसरं झालं. चार दाणे. लहानपणापासून शेकडो लग्नांत केलेलं काम, त्याला डोकं लागत नाही. नवरीकडची एक बाई फार सुरेल म्हणत होती. मी ऐकत राहिलो. मुलीची मान खाली होती, मुंडावळ्या गालांवर हलत होत्या, आणि मला एकदम आठवलं की तिचं अगदी पहिलं माप घेताना ती माझ्या बोटाला चावली होती. मला हसू आलं, जरा डोळेही भरून आले. तेवढ्यात शेवटचं सावधान झालं, वाजंत्र्यांनी कडकडाट केला, अंतरपाट दूर झाला.

आणि मी दोन्ही हात वर करून, दोन्ही मुठी उघडून, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या अक्षता जोडप्यावर उधळल्या.

उधळल्या आणि मोठ्यानं ओरडलोही, सगळ्यांसारखा. मुलीनं मान वर केली, पाहिलं, हार घातला. नवरदेवानं हार घातला. मी हसत पाहत होतो. मग छातीवर काहीतरी जड लोंबतंय असं जाणवलं. खाली पाहिलं. कॅमेरा. भाता उघडलेला, खटका चढवलेला आणि भात्यावर दोन-तीन पिवळे दाणे.

अख्ख्या मांडवात अक्षता न टाकता उभं राहायचा हक्क एकट्या मला होता, आणि मीच दोन हातांनी टाकल्या. अकोल्याचा म्हातारा असता तर त्यानं मला तिथंच बडवलं असतं.

मी बाजेवरून उतरलो. पहिला विचार आला तो खोटं बोलण्याचा. फोटो आला नाही, औषध बिघडलं, उन्हानं रोल गेला, असं सांगितलं तर त्या आईला काय कळणार होतं? फोटोवाल्यांना ही थाप फार सोयीची असते. पण ती चौकटीआड बसून हिरव्यातला हिरवा ओळखणारी बाई होती. तिच्यासमोर मला ही थाप मारता आली नसती. मग दुसरा विचार आला. आतल्या खोलीचं एक दार मागच्या अंगणात उघडत होतं. तिथं आड होता, कडुनिंब होता आणि कडुनिंबाखाली छान पसरलेला उजेड होता.

मी चुलत्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"झालं ना काढून?" तो म्हणाला.

"मांडवात उजेड कमी पडला. मागच्या अंगणात जोडप्याले घेऊन या. एक डाव हार घालाले लावू."

"काय?" आजूबाजूची दहा माणसं वळली. "एकदा लगन लागलं. आता दोनदा लावतं का बे? अपशकून करून राह्यला माह्या पोरीले?"

"लगन नाई लावत. मंत्र नाई, भटजी नाई. नुसते हार काढाचे अन् घालाचे. यंत्राले उजेड लागते, त्याले मी काय करू?"

हे शेवटचं वाक्य मी तोंडावर रेघ न हलू देता बोललो. यंत्राचं नाव घेतलं की लोक जरा नमतात. पण हा नमेना. त्यानं माझा दंड धरला आणि मला मांडवाबाहेर नेण्याच्या बेतात होता. तेवढ्यात बोहल्यावरून नवरदेव बोलला. अंगानं किडकिडीत, मिसरूड फुटलेलं पोरगं. सकाळपासून त्याच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता.

"काकाजी, मले फोटो पायजे."

लग्नात नवरदेव रुसला की काय होतं, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. जेवणाच्या पंगती अडतात, वऱ्हाड गाड्या जुंपायला निघतं. चुलत्यानं माझा दंड सोडला. "दोन मिंटं," तो म्हणाला, "अन् कोणी अक्षता टाकाच्या नाई!"

ही ताकीद मला उद्देशून नव्हती, पण मला ती लागायची तिथं लागली.

मागच्या अंगणात मी जोडप्याला कडुनिंबाखाली उभं केलं. धुणं वाळत होतं त्यातलं एक धुतलेलं धोतर दोन बायांनी मध्ये धरलं. मी मात्र आडाकडं पाठ करायची सोडून मुद्दाम आतल्या खोलीच्या दाराकडं पाठ करून, जरा बाजूला उभा राहिलो. दार लोटलेलं होतं, पूर्ण नाही. आत कुणी आहे की नाही, कळत नव्हतं. एरवी दाराआड बाई उभी असली की मला पाहावं लागत नाही, बांगड्या सांगतात. इथं बांगड्या नव्हत्या. तरी माझ्या मानेला कळत होतं, ती तिथंच आहे.

मुलगी अवघडून गेली होती. इतक्या माणसांत दुसऱ्यांदा हार, आणि समोर डोळा रोखलेलं यंत्र. खांदे वर, हार घट्ट धरलेला, बोटं पांढरी. मी कॅमेऱ्यावर मान घातली आणि बोललो, जसा तिच्या हाताशी बसून बोलायचो तसा. "पोरी, मूठ ढिली सोड. तुह्या मापाची हाय, काई लागत नाई."

तिचे खांदे खाली आले. धोतर दूर झालं. तिनं मान वर केली आणि मी खटका दाबला. लगेच रोल पुढं सरकवला, आकडा पाहिला, तिनं हार घातला तेव्हा पुन्हा दाबला. आणि एक, नवरदेवाचा हार तिच्या गळ्यात पडताना. माझ्या पाठीमागं लोटलेलं दार किंचित करकरलं. मी वळलो नाही.

सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. चुलता म्हणाला, "झालं? चाला, पंगती बसवा," आणि मंडळी पुढं गेली. मी आडाच्या कट्ट्यावर बसलो आणि एक लोटाभर पाणी पिऊन टाकलं. इतकं गोड पाणी मी त्यानंतर कधी प्यायलो नाही.

पण सुटका अजून अर्धीच होती. रोल धुवायचा होता, आणि दिवस वैशाखाचे. आमच्याकडं वैशाखात पाणी इतकं तापतं की रोलवरचा थर मऊ पडून सायीसारखा सरकतो, आणि चेहऱ्यांचा लगदा होतो. मी दोन माठांना ओलं पोतं गुंडाळून सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात ठेवले. बांगड्या ठेवायच्या खोलीच्या फटी शेणामातीनं लिंपल्या, दारावर घोंगडं टांगलं आणि सकाळच्या पारी पाणी गारेगार असताना आत शिरलो. बाहेर वडील येरझारा घालत होते. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत मी मनात आकडे मोजत रोल खालीवर करत होतो.

घोंगडं बाजूला सारून रोल उजेडात धरला. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर कडुनिंब. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं, पण सगळं जागच्या जागी. हार होता, बाशिंग होतं, मुलीची वर उचललेली हनुवटी होती. मी दारातच खाली बसलो. वडिलांनी रोल माझ्या हातून घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाले, "चुडा बरोबर दिसून राह्यला. बारीक बारीक काकणंसुद्धा दिसते." बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी माझी बांगड्यांची माळ त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि मला काही विचारलं नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो तेव्हा उतरला.

आठ दिवसांनी कागदावरचे फोटो घेऊन मी त्या गावी गेलो. चुलता ओट्यावर बसला होता. त्यानं आधी पाहिले. जवळ धरून, लांब धरून पाहिले, आपला फेटा कुठं दिसतो का ते शोधलं. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"हे पोट्टी इकडं काहून पाहून राह्यली?"

कडुनिंबाखालच्या तीनही फोटोंत मुलगी कॅमेऱ्याकडं पाहत नव्हती. नवऱ्याकडंही नव्हती. नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली होती, आणि चेहरा असा होता की पाहणाऱ्यालाही मागं वळून पाहावंसं वाटावं. मी म्हणालो, नवरी आहे, लाजली असेल. चुलत्यानं फोटो परत माझ्या हातात दिले, क्षणभर माझ्याकडं रोखून पाहिलं आणि म्हणाला, "जा. वहिनी आत हाय."

ती चौकटीआड होती, नेहमीच्या जागी. मी फोटो उंबऱ्यावर ठेवले. तिनं उचलले. किती वेळ पाहत होती कोण जाणे, मी ओसरीवर बसून नखानं जमीन उकरत होतो. आता उठून निघालो असतो तर सगळं ठीकच होतं. तिला हवं ते मिळालं होतं, मला हवं ते मिळालं होतं. पण मला ते घशाखाली उतरेना.

"मावशी," मी म्हणालो, "हे खरं नव्हे."

"काय?"

"तुमी सांगतलं ते म्यां धरलंच नाई. अंतरपाट दूर झाला तवा माह्या दोन्ही हातात अक्षता होत्या. म्यां टाकून देल्ल्या. यंत्र गळ्यात तसंच राह्यलं. हे मागून काढलं, चुलत्याले थाप मारून. खरं ते गेलं."

मला वाटलं, आता ती फोटो परत सरकवील. मग हलकासा आवाज आला. ती हसत होती. त्या घरात तिचं हसणं मी त्या आधी ऐकलं नव्हतं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. दारातून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. तिनं भिंतीकडं हात केला. मांडवाच्या बाजूच्या कुडाला बोटभर रुंद फट होती.

"तिथून पाहात होती मी. मले काय दिसते? सारे लोकांच्या पाठी. ना पोट्टी दिसे, ना जवाई. तू तेवढा बाजेवर उभा होता, तूच दिसे. म्हटलं, याचे हात वर झाले की समजाचं, लगन लागलं." फोटोंवरून तिनं पदरानं धूळ पुसली, नसलेली. "मंग तुहे दोन्ही हात वर गेले. सारे एका हातानं टाकून राह्यले होते, तू दोन्ही हातानं टाकल्या. म्हटलं, एक मूठ त्याची असंन. एक माही हाय."